सहा घरांचं आभाळ

डेल्मर नेपियर गेला त्या दिवशी स्किलेट घळीतले सतरा फोन मुके होते, आणि कंपनीच्या नोंदीत सतराच्या सतरा चालू होते. हे आर्डिथला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. तक्रारींपुढे ‘दुरुस्त’ असं तिनंच लिहिलं होतं.

आर्डिथ ही डेल्मरची बायको. ट्विन नॉब टेलिफोन कंपनीत ती चाळीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसली. केंटकीच्या त्या डोंगरांत कुणाचा फोन बंद पडला की शेजारच्या घळीत जाऊन तो माणूस फोन करायचा, आणि पलीकडून आर्डिथचाच आवाज यायचा. स्किलेट घळ म्हणजे एक ओढा, एक रस्ता आणि एक्केचाळीस घरं; फोन त्यांतल्या सतरांतच. मोबाईल तिथं खेळणं म्हणूनसुद्धा चालत नसे.

त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फाचा पाऊस झाला आणि झाडांबरोबर तारा खाली आल्या. नवव्या दिवशी, शुक्रवारी, मालक रॉइस क्रॅब्ट्री तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“मिस आर्डिथ, त्या स्किलेटच्या तक्रारी बंद करून टाका.”

“तारा अजून रस्त्यात लोळतायत, रॉइस.” मालक असला तरी तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्याच्या बापाच्या काळात तो याच टेबलाखाली लपून बसायचा. तिनं त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“सोमवारी माणसं चाललीयत ना तिकडं. दहा दिवस उलटले की राज्याला खुलासा द्यावा लागतो, मग दंड, मग चौकशी. दोन दिवसांचा तर प्रश्न. तुमचीच घळ आहे, मी विसरेन का?”

आर्डिथनं सतरा नोंदी बंद केल्या. त्यात एक तिच्या स्वतःच्या घराची होती.

रविवारी सकाळी डेल्मर लाकडं आणायला मागं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. खुर्चीत बसला. “छातीवर खेचर उभं राहिल्यासारखं वाटतंय गं,” म्हणाला. आर्डिथनं सवयीनं फोन उचलला. मग तसाच ठेवला. गाडी पहिल्याच वळणावर घसरून ओढ्याकडच्या चरात गेली, म्हणून ती घळीच्या तोंडाशी असलेल्या चर्चपर्यंत दीड मैल बर्फातून पळत गेली. चर्चमधला फोन चालू होता. तो चालू असणारच होता. सात वर्षांपूर्वी ट्विन नॉबनं घळीच्या टोकापर्यंत जमिनीखालून नवी काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, न्यायला सरकारचा पैसा घेतला होता, ती तार चर्चपाशी येऊन थांबली होती. पुढं खडक लागला म्हणे. सरकारी नकाशात मात्र अख्खी घळ ‘सोय झाली’ म्हणून रंगवून टाकलेली.

अँब्युलन्स पोचली तेव्हा डेल्मर खुर्चीतच होता. डॉक्टर म्हणाला, पाऊण तास आधी कळतं तर काही करता आलं असतं.

मातीला रॉइस आला. येताना खारवलेल्या डुकराची अख्खी मांडी घेऊन आला, रिबिन बांधून. आर्डिथनं ती दोन्ही हातांनी घेतली, “देवाची कृपा असो” म्हणाली, आणि माणसं पांगल्यावर मागच्या अंगणात कुत्र्यांपुढं टाकली. कुत्री हाडापर्यंत पोचेपर्यंत ती तिथंच उभी होती.

त्या दिवसापासून तिनं डूख धरला.

लोकांना वाटलं, बाई नोकरी सोडेल. ती सोमवारी वेळेवर टेबलावर हजर. नोकरी सोडली असती तर कागद हातातून गेले असते. तिनं सतरा नोंदींच्या प्रती काढल्या, त्या आठवड्यात तारा जोडणारी माणसं कुठं होती त्याच्या प्रती काढल्या, आणि बिस्किटांच्या डब्यात पिठाखाली ठेवून दिल्या. पुढची चार वर्षं ती रॉइसला रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली. निवृत्तीच्या दिवशी त्यानं तिला घड्याळ दिलं. तिनं तेही घेतलं. स्वतःवरचा राग तिला उचलवत नव्हता, म्हणून तोही सगळा तिनं रॉइसच्याच खात्यावर टाकला होता. एका माणसावर सगळं लादलं की ओझं वाहायला सोपं जातं.

मग सरकारनं खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायला पुन्हा पैसा काढला. या खेपेला मात्र नियम फिरला. तार असो की आभाळातले उपग्रह, जो स्वस्तात देईल त्याचा विचार आधी. ट्विन नॉबनं स्किलेट आणि शेजारच्या चार घळी मिळून तारेचा भाव लावला. उपग्रहवाल्या कंपनीचा भाव त्याच्या दहाव्या हिश्श्याचाही नव्हता. रॉइसनं हरकत घेतली: इथं दोन्ही बाजूंना कडे, वर झाडांचं छप्पर, उपग्रहाच्या छत्रीला आभाळ दिसणार कुठून? राजधानीतलं कार्यालय म्हणालं, ठीक, तपासा. वाद स्किलेटचा, तर तिथलीच घरं मोजा. एक्केचाळिसांपैकी चारांपेक्षा जास्त घरांना आभाळ दिसत नसेल, तर पाचही घळींचं काम तारेला.

तपासायला काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, माणूस नेमायचा होता. घळीतलं प्रत्येक दार कुणाला माहीत? आर्डिथला.

नेमणुकीची बातमी कळताच दुसऱ्या दिवशी रॉइस तिच्या ओसरीवर. आर्डिथ शेंगांच्या शिरा काढत होती. त्यानं टोपी काढली, पायरीवरच बसला. डोकं पार पांढरं झालं होतं.

“मिस आर्डिथ, तुमचं नाव ऐकलं आणि जिवात जीव आला बघा.”

“का रे? एवढा कशाला घाबरलास?”

“घाबरू नको तर काय करू? बँकेनं सगळं या एका कामावर अडकवून ठेवलंय. हे गेलं तर आजोबांपासूनची कंपनी गेली. तुमच्यापासून काय लपवायचं.” त्यानं एक शेंग उचलून उगाच मोडली. “आणि मी तुम्हाला खोटं लिहा असं म्हणत नाहीये. तुम्ही फक्त खरं तेच लिहा. या खेपेला खरं माझ्या बाजूनं आहे.”

“या खेपेला,” आर्डिथ म्हणाली.

“बापाची शपथ, या वेळी तार टोकापर्यंत नेतो. तुमच्या दारात.”

“बस, कॉफी घेतोस?”

तो कॉफी पिऊन गेला. आर्डिथनं कप विसळला, पुन्हा विसळला. माणूस आपली मान कुठं मऊ आहे ते स्वतः दाखवून गेला होता. सहा वर्षं ती ज्या दाराची वाट बघत होती ते असं आपोआप उघडलं होतं.

काम सोपं होतं. काउंटीनं दिलेला फोन घेऊन अंगणात उभं राहायचं, तो आभाळाकडे धरून स्वतःभोवती फिरायचं. मोकळं आभाळ निळं उमटायचं, आड येणारं झाड किंवा कडा लाल. मग घराचा क्रमांक टाकायचा आणि पाठवून द्यायचं. आठवड्याभरात तिनं घळ पालथी घातली. घरोघरी कॉफी झाली, तब्येती विचारून झाल्या. शुक्रवारी तिनं हिशेब केला. नऊ घरं लाल, अजून न पाठवलेली. कितीही वेळा मोजली तरी नऊच.

रॉइस खरं बोलला होता.

त्या नवांतलं एक घर व्हर्डीचं होतं. व्हर्डी म्हणजे डेल्मरची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, एकटी. कड्याच्या अगदी पायथ्याशी तिचं घर, आणि वर कोळसा कंपनीच्या जमिनीतली झाडं. त्यांची फांदी तोडायचीही परवानगी नाही. व्हर्डीची फुप्फुसं थकली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. श्वासाचा डॉक्टर दीड तास लांब, हॅझर्डला. तो पडद्यावरून तपासायला तयार होता, पण पडद्यापर्यंत काही पोचायला हवं ना. आर्डिथ तिच्याकडे गेली तेव्हा व्हर्डीनं सफरचंदाचा थरांचा केक कापला होता. दोघी तासभर बोलल्या. लाल येणार हे आर्डिथला दारातच दिसलं होतं, म्हणून तिनं फोन पर्समधून काढलासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी ती डोंगरमाथ्यावरच्या नेपियरांच्या दफनभूमीत चढून गेली. तिथं एकही झाड नाही. चारी बाजूंना आभाळच आभाळ. डेल्मरच्या दगडाशी उभी राहून तिनं फोन वर धरला आणि गोल फिरली. निळं. व्हर्डीच्या घराचा क्रमांक टाकला, पाठवला. पुन्हा फिरली. दुसरं घर. सहा वेळा फिरली. शेवटी चक्कर आली म्हणून दगडाला धरून बसली.

“तीन लाल ठेवलीत,” ती डेल्मरला म्हणाली. “चारपर्यंत चालतात. एक जास्तीचं निळं केलं, त्याच्या नावानं.”

पुष्कळ वर्षांनी तिला पोटात भूक जाणवली.

सुनावणी काउंटीच्या कोर्टात झाली, नोव्हेंबरात. बाकं भरलेली. राजधानीतून एक शांत, चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. रॉइसनं पुठ्ठ्यावर चिकटवलेले झाडांचे फोटो दाखवले, आजोबांनी पहिला खांब कसा रोवला ते सांगितलं. मग त्या बाईंनी आर्डिथचा अहवाल वाचला: लाल घरं तीन.

रॉइस उठून उभा राहिला. “तीन? नुसत्या कड्याखालीच पाच घरं आहेत! मिस आर्डिथ, चूक झालीय काहीतरी. सांगा ना त्यांना.”

“मी काय सांगू? फोननं जे दाखवलं ते पाठवलं.”

“पण तुम्हाला माहितीय—”

“मला माहितीय ते सांगू म्हणतोस? बरं.” आर्डिथनं पर्समधून कागद काढले. त्यांच्या घड्यांत अजून पीठ होतं. “बाई, माझा नवरा गेला त्याच्या आदल्या शुक्रवारी या माणसाच्या सांगण्यावरून मी सतरा तक्रारी ‘दुरुस्त’ म्हणून बंद केल्या. एकही तार जोडलेली नव्हती. हे त्याचे कागद. तार जोडणारी माणसं त्या आठवड्यात स्किलेटमध्ये फिरकलीच नाहीत, ते इथं लिहिलंय. आणि यातली ही तक्रार माझ्या घराची आहे. हिच्यापुढं सही माझी आहे.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” रॉइस म्हणाला. आवाज अगदी लहान मुलाचा झाला होता. “सहा वर्षांत एकदाही बोलला नाहीत.”

“फोन बंद होता, रॉइस.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग टाळी पडली, मग पुष्कळ पडल्या. रॉइसचा चेहरा उतरताना तिनं नजर हलवली नाही. एखादी तहानलेली बाई घोटघोट पाणी पिते तसं तिनं ते पाहिलं.

चष्मेवाल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. नाताळाच्या आत निकाल आला: पाचही घळी उपग्रहाला. बँकेनं हात काढून घेतला. मार्चमध्ये ट्विन नॉब बाहेरच्या राज्यातल्या कुणीतरी विकत घेतली, आणि निम्मी माणसं घरी बसवली. कंपनीची पाटी उतरवायची होती त्या दिवशी आर्डिथनं रस्त्यापलीकडे गाडी लावली, मांडीवर सँडविच उघडलं आणि शेवटचा खिळा निघेपर्यंत बसून खाल्लं.

तारा जोडणारा हॉबर्ट आपलं सामान खोक्यात घेऊन बाहेर आला. वीस वर्षं तिच्या नोंदी बघून तो खांबांवर चढत आला होता. गाडीशी थांबला.

“पोट भरलं?”

“तुझ्यावर राग नव्हता रे, हॉबर्ट.”

“ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लागलं.” तो खोकं सावरत पुढं गेला. उन्हाळ्यात ओहायोत काम मिळालं म्हणून कळलं.

घरोघरी छत्र्या आल्या. आणि खरं सांगायचं तर घळीचं भलं झालं. बत्तीस घरांत पहिल्यांदाच पडदा न अडखळता चालू लागला. लोक रस्त्यात गाडी थांबवून आर्डिथचे आभार मानायचे. चर्चमध्ये पाद्रीनं तिचं नाव घेतलं.

व्हर्डीच्या छपरावरही छत्री बसली. झाडं उघडीबोडकी होती तोवर रडतखडत चालली. एप्रिलमध्ये पालवी फुटली आणि डॉक्टरचा चेहरा पडद्यावर अर्ध्या वाक्यात गोठायला लागला. मे महिन्यात तो उमटायचाच बंद झाला. व्हर्डीनं आर्डिथला बोलावलं. या वेळी केक नव्हता.

“बस,” व्हर्डी म्हणाली. वाक्यामध्ये तिला थांबून श्वास घ्यावा लागे. “छत्रीवाला पोरगा येऊन गेला. म्हणाला, आजी, तुमच्या घराची तपासणी कुणी केली? इथून आभाळ दिसतंच नाही. कागदावर तर सगळं निळं आहे.”

आर्डिथ खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघू लागली.

“तू त्या दिवशी आलीस. केकचे दोन तुकडे खाल्लेस. फोन बाहेर काढला नाहीस. मी म्हटलं, विसरली असेल, पुन्हा येईल. आली नाहीस.”

“व्हर्डी, डेल्मरसाठी—”

“माझ्या भावाचं नाव घेऊ नकोस!” ती ओरडली, आणि मग कितीतरी वेळ नुसती धापा टाकत राहिली. आर्डिथ पाणी द्यायला उठली तर हातानं तिला खाली बसवलं. “रॉइसला धुळीला मिळवलंस. चांगलं केलंस. मला विचारलं असतंस तर मीही गेले असते तुझ्याबरोबर. पण माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस. उद्या माझा श्वास अडकला, तर कागदावर मी ठणठणीतच ना? त्यानं जे तुझ्याकडून करून घेतलं, तेच तू माझ्यावर केलंस. त्याला निदान खोटं लिहायला तुझ्यासारखी बाई लागली. तुला तेवढीही लागली नाही.”

आर्डिथ घरी आली आणि तिनं ओसरी झाडली, मग अंगण झाडलं, मग काही झाडायचं उरलं नाही.

उपाय उघड होता. कार्यालयाला लिहायचं की सहा घरांची नोंद खोटी आहे, ती दुरुस्त करा. पण लिहिलं की ते रॉइसला कळणार. ‘खरं माझ्या बाजूनं होतं’ हे तो चारचौघांत म्हणणार, आणि लोक मान डोलावणार. हाच घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. महिनाभर उतरला नाही. त्या महिन्यात दर आठवड्याला ती व्हर्डीला गाडीतून हॅझर्डला नेऊन आणत होती. दीड तास जायचं, दीड तास यायचं. व्हर्डी मागच्या सीटवर बसायची, खिडकीबाहेर बघायची. ऑक्सिजनच्या टाकीची सुई मात्र दोघी बघायच्या. जूनच्या अखेरीस परतीच्या वाटेवर दरड कोसळून रस्ता अडला आणि टाकी संपायला वीस मिनिटं उरली असताना वाट मोकळी झाली. टाकी पुरावी म्हणून हवा कमी सोडली होती; व्हर्डीचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिथनं पत्र लिहिलं. सहा क्रमांक, कुठं उभं राहून मोजले ते, का मोजले ते. खाली सही केली आणि स्वतः राजधानीला जाऊन चष्मेवाल्या बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. “तुम्हाला समजतंय ना, याची चौकशी होईल?”

“हो. पण आधी ती सहा घरं.”

“निकाल आता फिरणार नाही. जुनी कंपनीच राहिलेली नाही.”

“तो फिरवा असं म्हणत नाहीये मी,” आर्डिथ जरा घाईनंच म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पत्रावर शिक्का मारला.

काउंटीनं तिचं नाव सगळ्या कामांतून काढलं. चर्चमध्ये लोक बाकावर थोडे सरकून बसू लागले. उपग्रहवाल्यांना मात्र कार्यालयानं ठणकावलं की एक्केचाळीस घरांचे पैसे घेतलेत, तर एक्केचाळीस घरांत चाललं पाहिजे. डोंगरमाथ्यावर छत्रीसाठी डोलकाठी उभारा नाहीतर काय वाटेल ते करा.

रॉइस तिला बियाण्यांच्या दुकानात भेटला. तो आता तिथंच काम करत होता, खांद्यावर पोतं होतं.

“ऐकलं मी, मिस आर्डिथ.”

“ऐकणारच.”

“नऊ होती ना? मी म्हणतच होतो, तीन नाहीत.” त्यानं पोतं खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत आनंद असेल असं तिला वाटलं होतं. होता, पण थोडासाच. “मग आता तरी झाली ना फिटंफाट?”

“नाही,” आर्डिथ म्हणाली. “व्हर्डीची माफी मी मागितली. तुझी मागणार नाही. तू डेल्मरची अजून मागितलेली नाहीस.”

काउंटरवरच्या बाईनं हाक मारली म्हणून रॉइसनं पोतं उचललं आणि तो गेला. आर्डिथनं कोबीची रोपं घेतली. बाहेर येईपर्यंत मागून तो येईल, असं तिला एकदा वाटलं. आला नाही.

ऑगस्टमध्ये डोलकाठी उभी राहिली, व्हर्डीच्या घरामागच्या कड्यावर. वर छत्री आणि तिथून कड्याखालच्या घरांपर्यंत तार. माणसं काम करत होती तेव्हा आर्डिथ फाटकाबाहेर गाडीत बसून होती. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी व्हर्डी नळी सावरत ओसरीवर आली आणि कामकऱ्यांना विचारलं, “डॉक्टर दिसतोय का रे आता नीट?”

“दिसतोय, आजी. बोलतोयसुद्धा.”

व्हर्डीनं त्यांना आत बोलावलं. बीन्स शिजले होते, मक्याचा पाव होता. तिघेही कामकरी हात पुसत आत गेले. दार लावण्याआधी तिनं फाटकाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“गाडी सावलीला लाव,” ती म्हणाली. “आत बसून भाजशील.”

दार लागलं. आर्डिथनं गाडी झाडाखाली घेतली.